अठरा नॉब आणि एक डावा हात

“खोला मॅडम. सामान अलग करा. ट्रान्सफॉर्मर निलोफरच्या कामी येईन. बाकी तुमाले जे पायजे ते घेऊन जा.”

हबीबभाईंनी स्क्रूड्रायव्हर माझ्यापुढे धरला, तो उजव्या हाताने. डावा हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला होता. समोर टेबलावर त्यांची पेटी होती. वर्षभर ती चादरीखाली झाकलेली होती आणि चादर त्यांच्या मुलीने, निलोफरने, नुकतीच बाजूला केली होती.

मी एकतीस वर्षं वणीकडच्या एका सिमेंट कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचं काम केलं. भट्टी किती तापली, डक्टमध्ये दाब किती, हे मोजायचं आणि कंट्रोल रूममधल्या सुईपर्यंत पोचवायचं. निवृत्त झाले आणि दारव्ह्याला माहेरच्या घरी येऊन राहिले. हबीबभाईंचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आमच्या गल्लीच्या टोकाला. आता ते निलोफर चालवते. मोबाइल, मिक्सर, इन्व्हर्टर, काहीही खोलते आणि परत लावते. मला तिथे खुर्ची ठरलेली आहे. घरी करमेनासं झालं की मी तिथे जाऊन बसते आणि लोकांच्या मिक्सरमध्ये नाक खुपसते.

पेटी म्हणजे घरी बनवलेला ॲनालॉग सिंथेसायझर. हा शब्द हबीबभाईंनी कधी उच्चारला नाही. मोडक्या हार्मोनियमच्या पट्ट्या, जुन्या टीव्हीची बोर्डं, ॲम्प्लिफायरचं सामान, असं जोडत जोडत त्यांनी ती दहा-बारा वर्षांत उभी केली. सिंथेसायझरमध्ये भाता नसतो, तार नसते. वीज ठरावीक वेगाने हेलकावे खाते आणि त्या हेलकाव्यांचा आवाज होतो. ॲनालॉग म्हणजे आत कुठेही मोजणी नाही, आकडा नाही. नॉब जितका फिरवाल तितकाच आवाज बदलतो. पेटीवर असे अठरा नॉब आहेत आणि एकावरही नाव किंवा खूण नाही.

हबीबभाई मूळचे हार्मोनियमवाले. हार्मोनियम वाजवणाऱ्याचा डावा हात भात्यावर असतो, त्याला क्षणभर सुट्टी नसते. या पेटीला भाता नाही. मग तो हात नॉबांवर गेला आणि तिथेही थांबेना. उजवा सूर धरतो, डावा त्या सुराचा पोत बदलत राहतो. कव्वाली असो, भजनी मंडळ असो, होळीत फुलसावंगीकडच्या बंजारा तांड्यांवरचं लेंगीचं गाणं असो, पेटीला बोलावणं असायचंच.

“काहून खोलायचं पण?” मी विचारलं.

त्यांनी मांडीखालचा हात काढला आणि एका नॉबवर ठेवला. उजव्याने एक पट्टी दाबली. सूर निघाला तो थरथरतच.

“आयकलं? बकरीवानी मेंमें करते. डॉक्टर म्हनते कंपवात हाय. गोळ्यायनं चालनं सुधरलं, पन हा हात काही आयकत नाही. अन पुढं वाढतच जाईन म्हनते. मंग ठेवून काय करू? रोज पाहावं लागते तिच्याकडं.”

“अब्बा, जरा ठहरो,” निलोफर म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “काकू, खोलू नका. पयले पाहा तं काही करता येते का.”

मी पेटीकडे पाहिलं, मग त्या हाताकडे पाहिलं. कारखान्यात थरथरणाऱ्या गोष्टी सरळ करणं हेच माझं काम होतं. मी स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला.

“पंधरा दिवस,” हबीबभाई म्हणाले. “मंग मी सोता खोलीन.”

कल्पना साधी होती. हात आणि आवाज यांच्यामध्ये एक छोटा कॉम्प्युटर बसवायचा. नॉब कुठे आहे ते तो पाहील, त्यातली थरथर टाकून देईल आणि उरलेलं पेटीला देईल. असा कॉम्प्युटर काडेपेटीएवढ्या बोर्डावर मिळतो. त्याला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. आमच्या कारखान्यात पन्नास ठिकाणी होते.

नॉबच्या खाली जो भाग फिरतो त्याला मेकॅनिक लोक ‘व्हॉल्यूम’ म्हणतात, मग तो आवाज वाढवो की दुसरंच काही करो. तो नळाच्या तोटीचं काम करतो. फिरवला की वीज कमी-जास्त वाहते. आता हाताने फिरणारी तोटी फक्त कॉम्प्युटरला खबर देणार होती आणि आतली खरी तोटी कॉम्प्युटर फिरवणार होता. त्या आतल्या तोटीसाठी मी एक चिप मागवली. चार दिवसांनी पार्सल आलं. पहिल्या नॉबच्या जागी ती चिप मी स्वतः लावली आणि पेटी चालू केली.

चिपमधून धूर निघाला.

निलोफरने प्लग ओढला. हबीबभाईंनी वाकून पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी ते मनमोकळं हसले.

“मॅडम, हे किती व्होल्टचं पोरगं होतं?”

“पाच.”

“पेटीत तीस हाय. पंधरा वर, पंधरा खाली. मले इचारलं असतं तं सांगतलं असतं.”

मी सप्लाय मोजलाच नव्हता. ‘आधी मोजा, मग हात लावा’ असं एकतीस वर्षं ज्युनिअर मुलांना ओरडून सांगणारी बाई मी. तोंड लपवायला जागा नव्हती. शिवाय तीस व्होल्ट सोसणारी चिप शोधायची तर अठरा नगांना पुन्हा आठ-दहा दिवस गेले असते, आणि माझ्याकडे अकराच उरले होते.

हबीबभाई उठले. आतल्या फळीवरून बिस्किटाचा एक गंजका डबा घेऊन आले आणि टेबलावर उपडा केला. आत एलडीआर होते, चाळीस तरी असतील. एलडीआर म्हणजे हरभऱ्याएवढा भाग, ज्याच्यातून अंधारात वीज जात नाही आणि उजेडात जाते. संध्याकाळ झाली की रस्त्यावरचे दिवे आपोआप लागतात ते त्याच्यामुळे. त्यांनी कधीकाळी ग्रामपंचायतींना तसे स्विच बनवून दिले होते, त्यातला हा उरलेला माल.

“याले पाच-तीस काही समजत नाही,” ते म्हणाले. “समोर एक एलईडी बसवा अन वरून काळी नळी चढवा. तुमचा कॉम्पुटर बत्ती कमी-जास्त करन. इकडं तोटी आपोआप फिरन. तुमची वीज अन माही वीज एकमेकीले शिवनारच नाही.”

पुस्तकात ही गोष्ट आहे, मी परीक्षेला लिहिलेली आहे. पण चिप जळल्यावर मला ती सुचली नाही. त्यांना बिस्किटाच्या डब्यातून सुचली.

पुढचे चार दिवस निलोफर आणि मी अठरा जोड्या करत बसलो. एलईडी आणि एलडीआर समोरासमोर, वर काळी नळी, गरम हवेने आवळलेली. सोल्डरिंग तिचं. तिचा हात इतका स्थिर आहे की मी नुसतं पाहत राहायचे. पण एकही एलडीआर दुसऱ्यासारखा नव्हता, म्हणून प्रत्येकाचा तक्ता मी वेगळा काढला. किती उजेडाला किती वीज, ते वीस वीस ठिकाणी मोजलं. हे काम माझ्या रक्तातलं आहे. चहा गार होत होता आणि मला मजा येत होती.

एक भीती मला पहिल्यापासून होती. कॉम्प्युटर मोजून चालतो, पायरी-पायरीने. हाताने नॉब फिरवला तर आवाज उतारावरून सरकावा तसा बदलतो. कॉम्प्युटरने फिरवला तर जिना उतरल्यासारखी खरखर यायला हवी होती. पहिला नॉब लावून ऐकला. खरखर नव्हती. एलडीआर मुळात आळशी. उजेड बदलला तरी तो सावकाश बदलतो, आणि त्या आळसात सगळ्या पायऱ्या बुजून गेल्या होत्या.

“हे तुम्हाला ठाऊक होतं?” मी हबीबभाईंना विचारलं.

“ठाऊक कायचं? एलडीआर हळूच उजाडते अन हळूच मावळते. सुराले तसंच पायजे असते.”

अकराव्या दिवशी अठराही नॉब कॉम्प्युटरमधून गेले. आता थरथर काढायची होती. हे तर माझं रोजचंच काम. कारखान्यात दाबाची सुई सारखी फडफडते. फडफडली की ऑपरेटरचा फोन येतो. मग आम्ही डॅम्पिंग वाढवतो, म्हणजे मागच्या सेकंद-दीड सेकंदाची सरासरी दाखवतो. सुई गप्प बसते, ऑपरेटरही गप्प बसतो. पेटीलाही मी तेच केलं. दीड सेकंद.

हबीबभाई वाजवायला बसले. उजव्याने सूर धरला, डावा नॉबवर ठेवला. हात थरथरत होता आणि आवाज अगदी सरळ होता. मी निलोफरकडे विजयाने पाहिलं. ती अब्बांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

त्यांनी मिनिटभर वाजवलं आणि हात काढून घेतला.

“मॅडम, नॉब इथं फिरवतो अन आवाज बोरी अरब गावाले जाऊन वापस येते.”

“थोडा उशीर होतो, पण थरथर गेली ना?”

“गेली. सूरही गेला. मुरदा हाय हे.” त्यांनी हात पुन्हा मांडीखाली घातला. “तुमी लय केलं. आता खोलून टाका.”

मला राग आला. खरं सांगते, त्यांचाच आला. इतकं करून माणूस मुरदा म्हणतो. मी डॅम्पिंग अर्ध्यावर आणलं, मग पावपट केलं. उशीर कमी झाला तशी बकरी परत आली. मधली कुठलीच जागा बरोबर बसेना. चार दिवस उरले होते आणि माझ्याकडे नवं काही नव्हतं.

शेवटी मी तेच केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. मोजायचं ठरवलं. काही न काढता, काही न सुधारता, हा हात नेमकं काय करतो ते लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं. पण हबीबभाई तयार होईनात. “ते बकरीचं मेंमें मले नाही आयकवत आता,” म्हणाले.

निलोफरने पुढे होऊन स्पीकरची वायर काढली. “अब्बा, आवाज बंद है. आप सिर्फ बजाओ.”

भर दुपार होती. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. हबीबभाईंनी डोळे मिटले आणि एक पूर्ण चीज वाजवली, पाच-सहा मिनिटं, आणि दुकानात पट्ट्यांच्या टकटकीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. स्क्रीनवर अठरा रेषा सरकत होत्या. डोळे उघडून ते म्हणाले, “पुन्हा?” मी मान हलवली. त्यांनी तीच चीज पुन्हा वाजवली.

त्या रेषा मी घरी नेल्या नाहीत, तिथेच बसून पाहिल्या. थरथर स्पष्ट दिसत होती. करवतीच्या दातांसारखे बारीक, एकसारखे दाते, सेकंदाला पाच. पण त्या दातांच्या खाली दुसरी रेषा होती, मोठी आणि शांत. नॉब जिथे न्यायचा तिथे हात थेट जात नव्हता. प्रत्येक वेळी जरासा पुढे जायचा, तिथे टेकायचा आणि सावकाश मागे यायचा. दीडशे वेळा तरी असेल. हे पुढे जाऊन मागे येणं आमच्या धंद्यात दोष समजलं जातं. व्हॉल्व्ह असं करायला लागला तर आम्ही तो ट्यून करतो, नाहीतर बदलतो. डॅम्पिंगने मी नेमकं हेच पुसून टाकलं होतं.

मग मी दुसऱ्यांदा वाजवलेल्या चिजेच्या रेषा पहिल्यांदाच्या रेषांवर ठेवल्या. दाते कुठेही जुळत नव्हते. ते रोगाचे, स्वैर. खालची मोठी रेषा मात्र पहिल्या वेळच्या मोठ्या रेषेवर तंतोतंत बसली. नॉब तेच, क्रम तोच, पुढे जाणं तितकंच, मागे येणंही तितकंच. आवाज बंद असताना. भट्टीजवळच्या व्हॉल्व्हला आम्ही परदेशातून मागवलेलं यंत्र बसवलं होतं, ते त्याच जागी परत येतं की नाही ते दर वर्षी मी तपासत असे. ते इतकं अचूक कधी आलं नाही. आणि इथे सत्तरीचा माणूस, थरथरत्या हाताने, कानावर काहीही पडत नसताना, मनात ऐकून हे करत होता.

“काकू, काय झालं?” निलोफरने विचारलं.

“तुझ्या अब्बांचा हात शाबूत आहे,” मी म्हणाले. “वरून फक्त धूळ बसली आहे.”

आता काय करायचं ते दिसत होतं. सगळंच मंद करायचं नव्हतं. सेकंदाला पाच या वेगाचे दाते तेवढे उचलायचे आणि त्याहून सावकाश जे चाललं आहे त्याला धक्का लावायचा नाही. चाळणीच म्हणा, पण एकाच आकाराचा दाणा अडवणारी. थकल्यावर थरथरीचा वेग थोडा बदलतो, म्हणून चाळणीही त्याच्या मागे मागे सरकेल असं केलं. त्यात दोन दिवस गेले. चौदाव्या दिवशी सकाळी अकराला मी हबीबभाईंना खुर्चीत बसवलं.

ते बसले, पण मनाने उठलेलेच होते. उजव्याने सूर धरला. डावा नॉबवर गेला. हात आमच्या डोळ्यांसमोर थरथरत होता. आणि आवाज वर चढला, जरा पुढे गेला, टेकला, सावकाश मागे येऊन आपल्या जागी बसला. कुठेही बकरी नाही, कुठेही उशीर नाही.

निलोफरने हातातली सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवली. रस्त्यावरून चाललेला एक माणूस दारात थांबला आणि चप्पल काढून आत आला. हबीबभाई आधी हाताकडे बघत होते, मग स्पीकरकडे, मग पुन्हा हाताकडे. मग त्यांनी बघणंच सोडून दिलं.

किती वेळ वाजवलं ते मी पाहिलं नाही. थांबले तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचंही भान त्यांना नव्हतं.

“हा माहाच हात हाय,” ते म्हणाले. “बिमारीच्या आधीचा. मले वाटलं गेला तो. थरथर कुठं गेली मॅडम?”

“बोर्डात अडकली.”

“अन हे बाकीचं?”

“ते तुमचंच होतं. मी काहीच घातलं नाही.”

मी रडले नाही असं म्हणणार नाही. कारखान्यात एवढी वर्षं काढली, पण माझ्या कामाने कोणाचा हात कोणाला परत मिळाला असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी, हबीबभाईंनी एकेक करत आपले सगळे जुने आवाज वाजवून पाहिले. जिनिंग, चक्की, सनईसारखी सुंद्री, मोर. नावं त्यांचीच. सगळे बरोबर आले. मी केबल गुंडाळायला घेतल्या.

“मॅडम, हे चाळणी बंद कराचं बटन कुठं हाय?”

“बटण नाही. कशाला हवं? काही चुकतंय का?”

“चुकत काही नाही.” ते जरा घुटमळले. “एक आवाज राह्यला. या नऊ नंबरच्या नॉबवरची चाळणी तेवढी काढा.”

मला वाटलं कुठेतरी माझीच चूक राहिली आहे आणि ते सांगायला संकोचताहेत. मी लॅपटॉप उघडून नऊ नंबरची चाळणी काढली. त्यांनी खालची एक पट्टी दाबली आणि डावा हात त्या नॉबवर नुसता ठेवला. फिरवला नाही. हाताला त्याचं त्याचं थरथरू दिलं.

मशिदीच्या झरोक्यात कबुतर घुमतं ना, छाती भरून, तसा आवाज दुकानात भरला. तो खालून येत होता आणि आत कुठेतरी पोचत होता. त्यांनी उजव्या हाताने त्याच्यावर सावकाश दोन सूर चढवले. निलोफर दारात उभी होती, ती तिथेच खाली बसली. हा आवाज तिनेही कधी ऐकला नव्हता.

“हा केव्हाचा?” मी विचारलं.

“मागच्या साली भेटला. पेटी झाकाच्या दोन दिवस आधी. कोनाले आयकवला नाही, शरम वाटे. माह्या चांगल्या हाताले हा कधी आला नसता मॅडम. हा थरथरीनं देल्ला हाय. त्याले काहून काढता?”

सेकंदाला पाच दाते मीच मोजले होते आणि त्यांना धूळ हे नावही मीच दिलं होतं.

संध्याकाळच्या आत निलोफरने पॅनलला भोक पाडलं आणि नऊ नंबरच्या शेजारी एक साधा स्विच बसवला. वर केला की चाळणी चालू, खाली केला की बंद. पेटी दुकानात उघडीच असते आता, चादर मिक्सर पुसायला गेली. हबीबभाई कव्वालीला जाऊ लागले आहेत. जुन्या चिजा ते स्विच वर करून वाजवतात. हात दर काही महिन्यांनी थोडा बिघडतो, तेव्हा मी जाऊन चाळणी पुन्हा बसवून येते. मैफलीच्या शेवटी मात्र ते स्विच खाली करतात, आणि लोक त्या एका आवाजासाठी थांबून राहतात.

कारखान्यातली मुलं अजून कधी कधी फोन करून विचारतात, मॅडम, सिग्नल फडफडतोय, फिल्टर कोणता लावू? मी सांगते, कोणताही लाव. पण तो बंद करायचं बटण आधी बसव.